शिसपेन्सिलीत राहिलेला आकडा

मैदानाच्या कडेला उभे असले की सर उजव्या हाताने स्वतःचं डावं मनगट धरून असायचे. घड्याळही उजव्याच मनगटावर. डावं मनगट नाडीसाठी मोकळं ठेवलेलं. नव्या माणसाला वाटायचं, यांचा हात दुखतोय.

मलाही तसंच वाटलं. उदगीरच्या त्या शाळेत विज्ञान शिकवायला रुजू झाले, त्या पहिल्या दिवशी मी जवळ जाऊन विचारलं, "सर, हाताला काही लागलंय का?"

"न्हाई बाई. बहात्तर," ते म्हणाले आणि निघून गेले.

माणूस जरा सरकलेला दिसतोय, असं मी मनाशी ठरवून टाकलं. तुम्हीही तेच ठरवलं असतं.

ते आमचे पी.टी.चे सर. उदगीरचेच, किल्ल्याकडच्या मोहल्ल्यातले. बायको लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेली, त्यांनी पुन्हा घर मांडलं नाही. मी नायगावची. उदगिरात खोली शोधत होते आणि माझं आडनाव ऐकलं की घरमालकांची रिकामी खोली अचानक पाहुण्यांसाठी लागायची. हे मी शिक्षकांच्या खोलीत कुणाला सांगितलं नव्हतं, पण यांना कसं कोण जाणे कळलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते मला आपल्या मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या शिवणवालीकडे घेऊन गेले. "चाची, बाई सायन्सच्या हायत. पंखा बिघडला तर घरातच दुरुस्ती," म्हणाले. मी जन्मात पंखा दुरुस्त केलेला नाही. खोली मात्र मिळाली, आणि मी तिथे अकरा वर्षं राहिले.

पी.टी.च्या तासाला इतर शाळांत पोरं मोकाट सोडतात आणि सर झाडाखाली पेपर वाचतात. आमच्याकडे प्रत्येक पोराचं कार्ड होतं. जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापून केलेलं. त्यावर वजन, छाती, भिंतीवर खडूने केलेली उडीची खूण, उठाबशा, शंभर मीटरची वेळ, पळण्याआधीची नाडी आणि पळाल्यानंतरची नाडी. मुलींची नाडी मुलींनीच एकमेकींची मोजायची. सर लांबून नुसती शिट्टी वाजवायचे.

कार्डाचा एक कायदा होता. झालेलं ते शाईनं, व्हायचंय ते शिसपेन्सिलीनं. पोरगं ठरलेल्या ठिकाणी पोचलं की शाईचा आकडा त्याच्यासमोरच लिहायचा, आणि तोही त्याच्या तोंडून मोठ्यानं वदवून. माघारी शाई नाही. मी एकदा म्हटलं, "सर, सुट्टीत बसून एकदम भरून टाका ना सगळी कार्डं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोरांचे मार्क घरी बसून वाढवा म्हणाले होते.

पेन्सिलीचा आकडा काढताना ते फार वेळ घ्यायचे. "ह्या वयाचं लेकरू दर सहा महिन्याला दुसरंच मानूस होतंय बाई. त्याला जुन्या मापानं हाणायचं न्हाई. आन् एका महिन्यात लई मागायचं न्हाई. शरीर चिडतंय." नववीत एक गोलमटोल मुलगा होता, त्याला दांडीला धरून एकदाही अंग वर ओढता येत नव्हतं. पोरं हसायची. सरांनी त्याच्या कार्डावर पेन्सिलीनं लिहिलं, 'दांडीला नुसतं लटकणे, दहा आकडे.' दोन महिन्यांनी त्याची शाई झाली. त्या दिवशी त्या मुलानं घरून गूळ आणून अख्ख्या वर्गाला वाटला आणि हेडमास्तरांनी सरांकडे चौकशी केली की कुणाचं लग्न ठरलं काय.

कार्डाइतकाच महत्त्वाचा होता दोर. शाळेच्या आडाचा, अंबाडीचा, मनगटाएवढा नाही पण अंगठ्याएवढा जाड. मी येण्याच्या आधी कधीतरी सरांनी एका मिस्त्रीकडून टेप मागून आणून त्या दोरावर बरोबर वीस मीटरला लाल चिंधी बांधली होती. दरवर्षी मैदान आखायचं म्हटलं की आडावरनं दोर काढून आणायचा, पाच वेळा धरायचा, शंभर मीटर झालं. दोराचं एक टोक सरांकडे आणि दुसरं माझ्याकडे. मीच का, तर बाकीचे शिक्षक उन्हात येत नसत आणि मी शाळेत सगळ्यांत नवी होते. दोर नुकताच पाण्यातनं आलेला, त्यामुळे माझा हात ओलाचिंब व्हायचा. मी तो पदराला पुसायचे आणि सर शिट्टीच्या दोरीशी चाळा करत म्हणायचे, "मानूस खोटं बोलंल बाई. दोर न्हाई बोलत."

हे वाक्य ते सगळीकडे वापरायचे. नगरपालिकेतला एक पुढारी मुलाला संघात घ्या म्हणून आला, त्यालाही तेच. मुख्याध्यापकांच्या भाच्यालाही तेच. त्यांचं कुणाशी भांडण नव्हतं, आणि म्हणूनच बहुधा, फारशी दोस्तीही नव्हती. डबा ते मैदानावरच्या कट्ट्यावर एकटे खायचे.

मग लातूर जिल्हा वेगळा झाला. आम्ही उस्मानाबादवाले होतो ते लातूरवाले झालो. बाकीच्यांना बदल्यांची काळजी, कचेऱ्या कुठे होणार याची चर्चा. सरांना एकच आनंद. "नवीन जिल्हा म्हंजी कोरी पाटी. जी पोरगी पयली पळंल, तिचंच नाव पयलं लागंल." पुढे दोन-तीन वर्षांत जिल्ह्याचं क्रीडा वसतिगृह सुरू होणार असं पत्र आलं. राहणं, जेवण, शिक्षण सगळं सरकारचं. मुलींना शंभर मीटर चौदा पूर्णांक दोन सेकंदांच्या आत पाहिजे. शाळेनं आपल्या मैदानावर वेळ घ्यायची, शिफारस करायची आणि मुलीला निवडीला पाठवायचं.

सरांच्या डोळ्यांसमोर चंद्रकला होती. नववीतली, काटकुळी, सावळी. बाप बाजार समितीत हमाल. ती पळायची तेव्हा ओठ सारखे हलायचे. आम्हाला वाटायचं, देवाचं नाव घेते. मागच्या पावसाळ्यात तिच्या कार्डावर चौदा पूर्णांक तीन शाईत होतं, आणि त्याच्या खाली सरांनी पेन्सिलीनं चौदा पूर्णांक एक लिहिलं होतं. एक दशांश जास्तच मागितलेला. "तिच्याकडनं मागायला हरकत न्हाई," म्हणाले.

आणि पत्र आलं त्याच वर्षी पाऊस आला नाही. त्याच्या आदल्या वर्षीही धडसा नव्हता. दिवाळीच्या सुमारास शाळेचा आड तळाला गेला. टँकर यायला लागला, तो मैदानाच्याच कोपऱ्यात उभा राहायचा, आणि जिथून आमचा शंभर मीटर सुरू व्हायचा तिथे घागरींची रांग लागायची. सर म्हणाले, रांग मोडायची नाही, आपण पट्टा फिरवू. मग आम्ही दुसऱ्या भिंतीच्या कडेनं नवीन पट्टा आखला. दोर सामानाच्या खोलीत खुंटीला दोन महिने टांगलेला होता. हलका झाला होता, तुसं निघत होती. पाच वेळा धरला, फक्की टाकली. सर आपलं ठरलेलं वाक्य बोलले. माझा हात कोरडा होता, त्यामुळे पदर भिजला नाही, याचं मला त्या दिवशी बरंच वाटलं होतं.

चंद्रकला त्या पट्ट्यावर चौदा पूर्णांक सहामध्ये पळाली. आठ दिवसांनी पुन्हा सहाच. तिसऱ्यांदा सात. सगळ्याच पोरांच्या वेळा घसरल्या होत्या. सर कार्डं मांडून बसले. "भूक हाय बाई ही," म्हणाले. "लेकरं पानी वाहून येतेत, दुपारी डबा न्हाई. शरीर खचलंय." खोटं नव्हतं ते. त्यामुळे आम्हाला दुसरं काही सुचलंच नाही.

हेडमास्तर म्हणाले, "अहो, चार दशांशानं काय आभाळ कोसळतंय? लिहा दोन आणि द्या पाठवून. दुसऱ्या शाळा काय करत असतील, तुम्हाला ठाऊक नाही का?"

सरांनी नाही म्हटलं.

मग चंद्रकलाचा बाप आला. बाजार समितीच्या मोंढ्यात माल नाही, त्यामुळे हमालांच्या हाताला काम नाही. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. शेजारी चंद्रकला.

"सर, आमी हैद्राबादला चाललाव. बांधकामावर. पोरीचं तिकडं झालं तर ती हितं ऱ्हाईल, शिकंल. न्हाई तर तिलाबी न्यावं लागतंय. एकटी कुठं ठिवू?"

सरांनी मनगट धरलं. मग म्हणाले, "मामा, मी चार दशांश लपवले, तर तिकडं ते पुन्ना पळवतेल. सगळ्यांसमोर मागं पडंल पोरगी. ह्या वर्षी तिचं शरीर साथ देईना. पुढच्या साली बघू." आणि चंद्रकलाकडे वळून, "तुझा कसूर न्हाई बाळ. पन दोर खोटं बोलत न्हाई."

ती नुसती मान हलवून हो म्हणाली. मी तिथेच उभी होते. मला सरांचं बरोबर वाटत होतं.

चार दिवसांनी दुपारच्या गाडीनं ते घर हैदराबादला गेलं. सर स्टेशनवर गेले होते की नाही, मला माहीत नाही. त्या दिवशी त्यांचा डबा कट्ट्यावर तसाच होता एवढं मी पाहिलं.

आमच्या शाळेतून निवडीला कोणीच गेलं नाही. निवड होऊन गेली.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी लातूरहून मोजणीची माणसं आली. नव्या जिल्ह्याच्या कुठल्याशा कचेरीसाठी तालुक्यातल्या सरकारी जागा मोजत फिरत होती. आमच्या मैदानाची एक कड त्यांना हवी होती. त्यांच्याकडे लोखंडी टेप होता, नवाकोरा. सर जाम खूश झाले. "साहेब, आमचा शंभर मीटर जरा मोजा. दोरानं आखलाय. तुमच्या टेपला शिकवंल आमचा दोर."

त्यातला एक पोरगेला माणूस हसला आणि त्यानं मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"एकशे तीन मीटर, सत्तर सेंटिमीटर," तो म्हणाला.

"टेप गलत हाय तुमचा," सर म्हणाले.

त्यांनी तिसऱ्यांदा मोजलं. तेवढंच. सर माझ्याकडे वळले, साक्षीला बोलवावं तसे. आणि मला माझा कोरडा हात आठवला. ओला दोर आखडतो आणि वाळला की लांबतो. अंबाडीचा तर फारच. हे मला माहीत होतं. मी विज्ञान शिकवत होते हो! दरवर्षी दोराचं टोक मीच धरत होते. सर शारीरिक शिक्षणाचे. त्यांना कुणी काय म्हणावं? पण मला?

मी त्यांना सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. "बघू," एवढंच म्हणाले.

त्या दिवसांत मोहल्ल्यात माणशी एक बादली पाणी मिळायचं. संध्याकाळी त्यांनी आपली बादली घेतली आणि त्यात दोर बुडवून ठेवला. प्यायला माझ्या घागरीतून तांब्याभर नेलं, तेही मी रागावले तेव्हा. सकाळी मोजणीवाल्यांचा टेप मागून आम्ही दोघांनी मोजलं. टोकापासून लाल चिंधीपर्यंत वीस मीटर. बोटभरही फरक नाही. माझ्या हातावरनं पाणी गळत होतं आणि मला ते पुसायचंही सुचेना.

"आता हिसाब करा," ते म्हणाले.

मी केला. चंद्रकलाचे चौदा पूर्णांक सहा, खऱ्या शंभर मीटरला चौदा पूर्णांक एक होत होते. दुष्काळात, अर्ध्या पोटी, डोक्यावर घागरी वाहून ती पोरगी सरांनी पेन्सिलीनं मागितलं होतं बरोबर तेवढंच पळाली होती.

सरांनी मनगट धरायला हात उचलला आणि तसाच खाली सोडला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी सगळ्या शाळेसमोर दोर उंच धरला. "चूक माझी हाय. तुमी मंद न्हवता. पट्टा लांब व्हता. एकेक जन या, कार्ड बदलायचंय." पोरांना आनंदच झाला, सगळी एका रात्रीत अर्ध्या सेकंदानं वेगवान झाली होती! टाळ्या, शिट्ट्या. दिवसभर रांग लागली आणि सर एकेकाच्या तोंडून आकडा वदवून शाईनं लिहीत राहिले. संध्याकाळी एक कार्ड उरलं.

"लिहून टाका ना, सर," मी म्हटलं.

"समोर न्हाई ती."

वसतिगृहाला पत्र लिहिलं. उत्तर आलं, जागा भरल्या. लातूरला स्वतः जाऊन आले; तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पण सरांना तोवर दुसरीच गोष्ट खात होती. "जागा गेली तर गेली बाई. पोरगी तिकडं विटा उचलायलीय आन् तिला वाटायलंय की ती मंद हाय. हे तिला सांगायला पायजे."

मग सर हैदराबादला जाऊ लागले. सुट्टी जोडून आली की शनिवारी गाडीत बसायचे. खिशात चंद्रकलाचं कार्ड आणि शाईचा पेन. मोंढ्यातले हमाल सांगतील तो पत्ता. कधी सिकंदराबादच्या बाजूला, कधी कुठल्या नव्या वसाहतीत. एक काम संपलं की माणसं दुसरीकडे गेलेली असायची. सोमवारी ते परत यायचे तेव्हा कॅनव्हासच्या बुटांवर सिमेंटची धूळ असायची. पहिली दोन वर्षं मी विचारायचे, "सापडली का?" नंतर विचारणं सोडून दिलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. विचारणारी मीच एकटी होते.

एकदा त्यांनीच सांगितलं. "शहर लई मोठं हाय बाई. दोर पुरत न्हाई."

पुढे पाऊस झाला, आड भरला. आडाला नायलॉनची दोरी आली आणि शाळेनं टेप विकत घेतला. सर मैदान टेपानं आखायचे. ते वाक्य मात्र पुन्हा त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. दरवर्षी नवीन वर्गाला ते स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगायचे. पोरांना ती गमतीची वाटायची. आता कोणाचा पेन्सिलीचा आकडा काढायचा झाला की ते आधी त्या पोरालाच विचारायचे, "तुला काय वाटतंय? पट्टा बराबर हाय का?" पोरं गोंधळून हो म्हणायची.

एका सोमवारी ते हैदराबादहून आले आणि कट्ट्यावर दम खात बसले. वय झालं होतं. मी डबा घेऊन शेजारी बसले. त्यांनी डावा हात माझ्यापुढे केला. "बाई, जरा मोजा. मला आकडा लागंना." इतक्या वर्षांत त्यांनी कधी कुणापुढे हात केला नव्हता. मी मोजली. छप्पन्न, मधेच एखादा ठोका चुकलेला. मी बहात्तर सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले.

निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. "मी आता भनीकडं बिदरला जातो. ती आलीच, तर शाळेत येईल. तुमी हायत हितं." पेनही दिला. मी म्हटलं, माझ्याकडे पेन आहे. "असू द्या," म्हणाले.

बिदरला ते दीड वर्ष राहिले. गेल्याची बातमी आम्हाला महिन्यानं कळली. शाळेत दोन मिनिटं उभं राहायचं ठरलं, तेव्हा अर्ध्याहून अधिक शिक्षकांना ते कोण हे सांगावं लागलं.

चंद्रकला आली. तुम्ही म्हणाल, गोष्टीत येतातच. पण ती आली ते आमच्यासाठी नाही. तिकडे कुठल्याशा कागदाला जन्मतारखेचा दाखला हवा होता, आणि तो तिच्या शाळेशिवाय कुठे मिळणार? तेव्हा माझी निवृत्ती चार महिन्यांवर होती. कचेरीच्या दारात एक अंगानं भरलेली बाई उभी, केस कानशिलांवर पिकलेले. बोलण्यात तेलुगू मिसळलेलं. तिकडे एका शाळेत आया म्हणून काम करत होती. मी तिला ओळखलं नाही. तिनं मला ओळखलं.

"दोर धरायच्या त्या बाई न्हवं तुमी?"

मी तिला प्रयोगशाळेत नेलं, बसवलं आणि सगळं सांगितलं. लांबलेला दोर, टेप, बादली. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला लागलं व्हतं, बाई."

"काय?"

"मी पळताना पावलं मोजायची. शंबराला साठ. दरखेपी साठ. त्या साली बासष्ट भरायलती. मला वाटलं, पोटात न्हाई म्हनून पावलं आखूड पडायलीत. सर म्हनायचे ना, दोर खोटं बोलत न्हाई. मग माझीच पावलं खोटी."

म्हणजे ते ओठ. आणि मी समजत होते देवाचं नाव.

कपाटातून कार्ड काढलं. पुठ्ठा पिवळा पडला होता, पेन्सिलीचा आकडा पुसट, पण वाचता येत होता. मी सरांचा पेन उघडला. शाई वाळून गेली होती, ती प्रयोगशाळेतल्या दौतीतून भरली.

"मोठ्यानं म्हण," मी म्हटलं.

"चौदा पूर्णांक एक," ती म्हणाली. दाखल्यासाठी आलेली बाई, पण आवाज नववीतलाच निघाला. मी लिहिलं. तिनं कार्ड फुंकून वाळवलं, पदराखाली धरलं.

जायला उठली आणि दारात थांबली. "सर हैद्राबादला येत व्हते म्हनता?"

"खूप वर्षं."

"कशापायी? मी त्यांच्यावर कंदीच रागावली न्हवती. त्यांनी माझ्याकडनं एक दशांश जास्ती मागितला व्हता, तेवढं कुनीच मागितलं न्हाई मला पुन्ना. हे त्यांना कुनीतरी सांगायला पायजे व्हतं, बाई."

मी हो म्हटलं. तिची तीनची गाडी होती. ती गेल्यावर मी पेनाला टोपण लावलं, तो कपाटात ठेवला आणि आठवीचा तास होता, तो घ्यायला गेले.